कोठ्यातले जुने भाडेकरू

आमच्या शेतात एक जुना कोठा आहे. दगड-मातीच्या दोन हात जाड भिंती, वर माळवद, आत सागाच्या तुळया. पुढच्या अर्ध्या भागात पूर्वी बैल बांधले जायचे. मागच्या अंधाऱ्या खणात ज्वारीची पोती, कडबा, पेंड, मोडकी तिफण, जुनी मोट असं सगळं पडलेलं असायचं. त्या मागच्या खणात, तुळयांना उलटी लटकून, आमच्या आधीपासून कुणीतरी राहतं. आमच्या घरात त्यांना चमगादड म्हणतात, गावात वटवाघूळ किंवा वाघूळ. लहानपणी हे दोन वेगळे प्राणी आहेत असं मला वाटायचं. एक घरातलं, एक शाळेतलं.

यंदा उन्हाळ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "भाईजान, माळवदाची एक तुळई खचलीय. पाडून पत्र्याचं शेड टाकू या का?" प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. का देता आलं नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यासाठी जरा मागे जावं लागेल. आधी १९४८ पर्यंत आणि मग त्याच्याही बरंच मागे.

दादीचा नियम

दादी असेपर्यंत कोठ्याचा एक नियम होता. मागच्या खणात दिवा घेऊन जायचं नाही आणि झरोका बंद करायचा नाही. आम्ही पोरं दगड मारायला निघालो की ती ओसरीवरूनच ओरडायची, "रैने दे रे! इनो कां जाएंगे?" राहू दे त्यांना, कुठं जातील ती?

मला वाटायचं, म्हातारीची भूतदया असेल. खरं कारण मी अकरावीत असताना कळलं. सप्टेंबर महिना होता, शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन करून मी घरी आलो होतो. दादीने विचारलं, आज काय सांगितलं मास्तरांनी? मी सांगितलं. रझाकारांचे अत्याचार, भारतीय फौजेची कारवाई, १३ सप्टेंबरला सुरुवात, १७ ला निजामाची शरणागती. ती ऐकत होती. मग म्हणाली, त्यानंतरचं नाही सांगितलं?

त्यानंतरचं असं होतं. रझाकारांनी गावोगाव जे केलं त्याचा सूड त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात रझाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशांवरही उगवला गेला. आमचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, त्यात सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांपैकी एक. गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे बाकीचे तीन. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीला नेहरूंनी पाहणीसाठी पाठवलं होतं. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज तीस-चाळीस हजारांच्या घरात आहे. तो अहवाल सर्वसामान्यांना वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास, आणि दादी त्याआधीच गेली होती. तिला अहवालाची गरज नव्हती म्हणा.

दादा, दादी, दीड वर्षांचे माझे मोठे चुलते आणि दादाची विधवा बहीण असे चौघे पाच रात्री त्या मागच्या खणात कडब्याच्या आड होते. शेजारच्या शेतातले पाटील भाकरी आणि पाण्याची घागर बांधावर ठेवून जायचे. कोठ्यात यायचे नाहीत, कारण कुणी पाहिलं असतं. तिसऱ्या रात्री काही माणसं शेतात आली. दारापर्यंत आली. कंदील आत धरला तसा चमगादडांचा थवा त्यांच्या तोंडावरून बाहेर सुटला. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी म्हणालं, "इथं माणूस राहतंय व्हय?" आणि ते परत गेले.

मी ही गोष्ट इतिहास म्हणून सांगत नाही. ती आमच्या घरातली आठवण आहे. तिला ना कागद आहे ना साक्षीदार. पाटलांच्या घरीही ती अशीच सांगतात, फक्त त्यांच्या सांगण्यात चमगादडं नाहीत, भाकरी आहेत. दोन्ही घरांनी आपापल्या वाट्याचं लक्षात ठेवलं. दादीने मात्र त्या दिवसापासून झरोका बंद होऊ दिला नाही.

मातीचा पक्षी

पुढे वाचनाची सवय लागली तेव्हा मी या प्राण्याचा माग काढत गेलो. आपल्याकडे वटवाघूळ म्हणजे अपशकुन, पडका वाडा, भूतबंगला. ज्या घरात ते शिरलं ते घर ओसाड होतं, असं लोक म्हणतात. खरं तर क्रम उलटा असतो. घर आधी ओसाड होतं, मग वटवाघळं येतात. त्यांना अंधार, शांतता आणि माणसाची गैरहजेरी हवी असते. घराच्या ओसाडीचा दोष आपण त्या घरात शेवटी आलेल्यावर टाकतो.

अरबीत त्याला खुफ्फाश म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी अधू नजरेचा अर्थ आहे. फारसीत शप्परा, म्हणजे रात्री उडणारा. कुरआनात सूरह आल-ए-इमरानमध्ये हजरत ईसांनी मातीचा पक्षी घडवून अल्लाहच्या हुकुमाने त्यात प्राण फुंकल्याचा उल्लेख आहे. कुठला पक्षी, ते तिथे सांगितलेलं नाही. भाष्यकारांनी मात्र लिहून ठेवलं की तो पक्षी वटवाघूळ होता. कारणही दिलं. पिसं नसताना उडतो, दात आहेत, कान आहेत, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. म्हणजे घडवायला सगळ्यात अवघड असा पक्षी. ज्याला आपण अशुभ म्हणतो त्याला जुन्या मुफस्सिरांनी निर्मितीचा कळस मानलं होतं, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

दुसरी एक रिवायत आहे. ती थेट पैगंबरांचं वचन म्हणून नाही तर त्यांचे सहाबी अब्दुल्लाह बिन अम्र यांचं कथन म्हणून नोंदली गेलीय. त्यात ते बेडकाला आणि वटवाघळाला मारू नका असं सांगतात. बेडकाचं ओरडणं ही त्याची तस्बीह आहे. आणि वटवाघळाचं काय? बैतुल मुकद्दस उद्ध्वस्त होत होतं तेव्हा त्याने रब्बकडे समुद्रावर ताबा मागितला होता, नासधूस करणाऱ्यांना बुडवण्यासाठी. इमाम बैहकींनी ही रिवायत आपल्या संग्रहात घेतली आहे. दादीला अरबी येत नव्हतं आणि बैहकींचं नावही तिला ठाऊक नसावं. पण संकटात सापडलेल्या घराच्या बाजूने उभा राहिलेला प्राणी ही कल्पना तिला परकी वाटली नसती.

नवव्या शतकात बसऱ्यात अल-जाहिज नावाचा एक विलक्षण लेखक होऊन गेला. त्याच्या 'किताबुल हयवान' या सात खंडांच्या ग्रंथात वटवाघळावर स्वतंत्र मजकूर आहे. पिसांवाचून उडणारा, पिल्लं घालणारा, त्यांना अंगावर पाजणारा हा जीव नेमका कुठल्या रांगेत बसवायचा, याचं त्याला मोठं कुतूहल होतं. त्यानंतर सातशे वर्षांनी बाबर हिंदुस्थानात आला. इथले आंबे, मोर, हत्ती यांच्याबद्दल लिहिता लिहिता त्याने बाबरनाम्यात मोठ्या वटवाघळाचीही नोंद केली. लोक याला चमगादड म्हणतात, डोकं कुत्र्याच्या पिल्लासारखं, झाडाची फांदी धरून उलटं लटकतं. नवीन मुलखात आलेला बादशहा मान वर करून एका झाडाकडे बघतो आहे, हे चित्र मला त्याच्या लढायांपेक्षा जास्त आवडतं. बाबराने त्याला पक्ष्यांमध्ये घातलं ही चूकच. पण तोंडवळा त्याने बरोबर हेरला. त्या मोठ्या, फळं खाणाऱ्या वटवाघळाला इंग्रजीत आजही उडता कोल्हाच म्हणतात. पसरलेल्या पंखांची लांबी चार फुटांच्या आसपास जाते.

काळोखात दिसतं कसं?

वटवाघळाला दिवसा दिसत नाही, यात सूर्याचा काय दोष, अशा अर्थाचे दाखले फारसी वाङ्मयात दिले जातात. पण रात्री त्याला कसं दिसतं, हा प्रश्न नीट विचारला गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. लाझारो स्पलान्झानी हा इटलीतल्या पाविया इथला पाद्री आणि शास्त्रज्ञ. १७९३ साली त्याच्या लक्षात आलं की मेणबत्ती विझली की घुबड भिंतीवर आदळतं, पण वटवाघूळ मजेत फिरतं. त्याने क्रूरपणे काही वटवाघळांचे डोळे काढून त्यांना सोडून दिलं. नंतर त्यांतली काही चर्चच्या घंटाघरात पुन्हा पकडली, तर त्यांची पोटं डोळसांइतकीच किड्यांनी भरलेली होती. मग जिनिव्हाच्या ल्युई ज्युरीनने कानात बोळे घातले, आणि वटवाघळं आदळू लागली.

म्हणजे ती कानांनी बघतात. ही गोष्ट तेव्हाच्या मोठमोठ्या पंडितांनी हसण्यावारी नेली. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन आणि जॉर्ज पिअर्स यांनी खास यंत्र लावून वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज पकडला तो १९३८ साली. जवळजवळ दीडशे वर्षं खरं उत्तर धूळ खात पडलं, कारण ते विचित्र वाटत होतं.

आमच्या कोठ्यातली जात फळं खाणारी नाही. मोठे, कपाळावर जोडलेले कान आणि नाकावर उभं पान अशा चेहऱ्याचं हे वटवाघूळ दख्खनमध्ये जुन्या वाड्यांत, गुहांत, गोठ्यांत सर्रास आढळतं. याचं इंग्रजी नाव आहे 'फॉल्स व्हँपायर', म्हणजे खोटं रक्तपिपासू. नावातच बदनामी आणि नावातच तिचा इन्कार! खरी रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडात आहेत आणि त्यांच्या तीनच जाती आहेत. आमच्या पाहुण्याचं खाणं म्हणजे नाकतोडे, भुंगे, पाली, बेडूक, छोटे पक्षी आणि उंदीर. लहानपणी कोठ्याच्या जमिनीवर नाकतोड्यांचे पाय आणि उंदरांच्या शेपट्या सापडायच्या. आम्हाला वाटायचं, भूत जेवून गेलं. खरं तर ज्वारीच्या पोत्यांवर रात्रपाळीचा पहारा चालू होता.

कायद्यातली जागा

स्वतंत्र भारताने १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्या कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती. त्यांना मारायला परवानगी लागत नसे. कावळे, उंदीर, घुशी, आणि त्यांच्याच रांगेत फळं खाणारी वटवाघळं. जंगलातल्या कितीतरी झाडांच्या बिया लांबवर पसरवणारा आणि फुलांचं परागीभवन करणारा प्राणी पन्नास वर्षं कागदोपत्री उपद्रवी राहिला. किडे खाणाऱ्या बहुतेक जातींचं तर कायद्यात नावच नव्हतं.

अपवाद म्हणून दोन जातींना पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीत जागा मिळाली. त्यातली एक बेळगावजवळच्या तळेवाडीच्या बारापेडे गुहेतली. १९१३ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्यानंतर कित्येक दशकं जगात ती एवढ्या एकाच ठिकाणी आहे असं मानलं जात होतं. दुसऱ्या जातीची कथा आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९४८ साली, म्हणजे दादी कोठ्यात लपली त्याच वर्षी, तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांनी एक फळखाऊ वटवाघूळ पकडून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवलं. तिथे ते नेहमीच्याच जातीचं समजून ठेवून दिलं गेलं. पुढे थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी तो नमुना तपासला. ही साधी जात नाही, हिची प्रजातीच वेगळी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९७२ मध्ये त्यांनी तिला नाव दिलं लॅटिडेन्स सलीमअली.

सलीम अली, मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातले, अख्खं आयुष्य पक्ष्यांमागे फिरलेले. त्यांच्या नावाने अमर झालेल्या प्राण्यांमध्ये एक वटवाघूळही आहे. वीसेक वर्षं कपाटात चुकीच्या नावाखाली पडून असलेलं. ते पुन्हा जिवंत सापडायला १९९३ उजाडलं.

उपद्रवी प्राण्यांचं ते परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. केंद्र सरकार आजही अधिसूचना काढून एखाद्या प्राण्याला ठरावीक काळापुरतं उपद्रवी ठरवू शकतं. पण जन्मापासूनच गुन्हेगार ठरवणारी यादी आता नाही.

एप्रिल-मे २०२०

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला पाच वर्षं लागली.

२०२० च्या मार्च अखेरीस टाळेबंदी लागली आणि त्याच आठवड्यात निजामुद्दीन मरकजची बातमी आली. पुढचे दोन महिने टीव्हीवर काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. मी शहरात अडकलो होतो, भाऊ गावी. ज्या दुकानातून चाळीस वर्षं आमचा किराणा येतो, तिथे भावाला पैसे लांबून फरशीवर ठेवायला सांगितलं गेलं. त्याच्या पुढच्या माणसाला तसं सांगितलं नव्हतं. भावाने मला हे हसत हसत सांगितलं. नंतर फोनवर दोघेही काही वेळ गप्प होतो.

त्याच दिवसांत आणखी एक आरोपी फोनाफोनी फिरत होता. वटवाघूळ. कुठल्यातरी बाजारातले, कुठल्यातरी सूपाचे व्हिडिओ. गावात कुणीतरी म्हणालं, तुमच्या कोठ्यात ती घाण आहे, तिच्यामुळे गावाला रोग यायचा. भावाच्या मनात भीती बसली. आधीच लोक आमच्याकडे बघतायत, त्यात हे कशाला? त्याने मला विचारलं. दक्षिण आशियातल्या वटवाघळांच्या अभ्यासकांनी त्याच एप्रिलमध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की आपल्या घराभोवतालची वटवाघळं हा आजार पसरवत नाहीत, त्यांना मारू नका. ते मी वाचलं होतं. वाचलेलं असूनही मी म्हणालो, "काढून टाक. मारू नको फक्त."

भावाने विचार करून उपाय शोधला. संध्याकाळी ती शिकारीला बाहेर पडली की झरोका बोरीच्या फांद्या आणि पत्रा लावून बंद करायचा. आत कुणी राहणार नाही, कुणी मरणार नाही. मलाही ही युक्ती पसंत पडली. रमजानचा दुसरा आठवडा होता. इफ्तारनंतर त्याने झरोका बंद केला.

त्या रात्री सगळी परत आली. पत्र्यावर पंख आपटत राहिली. दुसऱ्या रात्रीही आली. तिसऱ्या दिवशी आमचा सालगडी भावाला म्हणाला, "भैया, आत बारकी हायेत. आवाज येतोय."

आम्हा दोघा शिकलेल्या भावांना जे सुचलं नाही ते हे होतं. एप्रिल-मे हा त्यांच्या विणीचा काळ. मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. पिल्लू जरा मोठं झालं की त्याला तुळईला लटकवून आई शिकारीला जाते. आम्ही आयांना बाहेर कोंडलं होतं आणि लेकरांना आत. भावाने पत्रा काढला. जमिनीवर पाच पिल्लं मेलेली होती. अजून जिवंत होती त्यांना आया त्या रात्री घेऊन गेल्या. कोठा रिकामा झाला. दादीचा कोठा, ज्याचा झरोका बहात्तर वर्षं बंद झाला नव्हता.

ऑगस्टच्या २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. साथीच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधतं आणि या लोकांना तसं निवडलं गेलं असावं, या आशयाचं निरीक्षण त्या निकालात आहे. निकाल वाचून मला बरं वाटलं. ते बरं वाटणं फार टिकलं नाही. आमच्यावर जे केलं गेलं त्याची तक्रार करायला मला भाषा होती, न्यायालय होतं, हा ब्लॉग होता. आणि माझ्यावर बोट रोखलं गेलं तेव्हा मी काय केलं? ते बोट आमच्यापेक्षा खाली असलेल्याकडे वळवलं. भीतीचा धंदा असाच चालतो. ती वरून खाली वाटली जाते, आणि प्रत्येक जण आपला वाटा पुढच्याला देऊन मोकळा होतो.

भाबडेपणाही नको

याचा अर्थ वटवाघळं निरुपद्रवी आहेत असा नाही. त्यांच्यात विषाणू असतात आणि काही माणसांसाठी जीवघेणे असतात. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाहची साथ आली. तिथे डुकरांच्या गोठ्यांवरच फळझाडं लावलेली होती. वटवाघळांनी उष्टावलेली फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली आणि डुकरांकडून रोग माणसांत आला. बांगलादेशात तो खजुरीच्या कच्च्या रसातून आला, कारण रात्री वटवाघळं मडक्यापाशी रस चाटायला येतात. केरळमध्ये २०१८ साली कोझिकोडच्या साथीत सतरा माणसं गेली. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या.

पण या सगळ्या घटनांत उपाय कुठे सापडला ते बघा. मलेशियाने गोठ्यांपासून फळझाडं दूर केली. बांगलादेशात रस काढणारे मडक्याच्या तोंडाभोवती बांबूची विणलेली झड बांधू लागले. त्यासाठी कुणाला वटवाघळांचा नायनाट करावा लागला नाही. हाकलून, धूर करून, झाडं तोडून ती विखुरली की उलट त्यांचा आणि आपला संबंध वाढतो. एकत्र राहायचं तर मध्ये थोडं अंतर राखावं लागतं. शेजाऱ्याशीही आपण तसंच वागतो.

अमेरिकेतला एक अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. तिथे २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळं मेली. ती जिथे मेली तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि त्याच भागांत बालमृत्यूचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं, असं अभ्यासक इयाल फ्रँक यांनी दाखवलं. कोठ्यात पाच पिल्लं मेली तेव्हा हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी कदाचित मी तेच म्हणालो असतो. भीतीपुढे माहिती फार टिकत नाही, हे मला स्वतःवरून कळलंय.

झरोका

त्या पावसाळ्यानंतर कोठ्यात उंदीर वाढले. पोती कुरतडली गेली. याचं खापर मी थेट आमच्या करणीवर फोडणार नाही, त्या वर्षी पाऊसही खूप होता आणि धान्यही जास्त दिवस पडून होतं. पण सालगडी मामा अजूनही ते दोन्ही एका दमात सांगतात.

झरोका आम्ही उघडाच ठेवला. २०२१ कोरडं गेलं. २०२२ च्या हिवाळ्यात भावाला जमिनीवर नाकतोड्याचे पाय दिसले. त्याने रात्री साडेदहाला फोन करून मला उठवलं. "भाईजान, आलेत."

म्हणून यंदा त्याने तुळईचं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणू शकलो नाही. दोन-तीन दिवस बोललो. पत्र्याचं शेड बाजूच्या मोकळ्या जागेत टाकायचं ठरलं. बैल आता नाहीतच, ट्रॅक्टर आणि धान्य तिकडे जाईल. जुन्या कोठ्याची तुळई बदलायची, पण आत्ता नाही. पिल्लं उडायला लागल्यावर, पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. तोवर खालून टेकू दिलाय. लेंडीखत गोळा करायला खाली जुनी ताडपत्री अंथरलीय. झाडताना तोंडाला फडकं बांधायचं आणि आधी पाणी शिंपडायचं, कारण त्या धुळीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. खाली पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलायचं नाही, आणि चावलंच तर जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जायचं. पोरांना हे सगळं पाठ करून घेतलंय. खत वांग्यांना घालतो.

खर्च वाढला. भावाची बायको म्हणाली, चमगादडांसाठी एवढं? भाऊ म्हणाला, दादीसाठी. मला वाटतं, त्या पाच पिल्लांसाठीही. पण ते आम्ही एकमेकांना बोलून दाखवत नाही.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. मगरिबची नमाज शेतातच पढली आणि दोघे भाऊ कोठ्यासमोर बसून राहिलो. उजेड पार गेला तेव्हा झरोक्यातून पहिलं बाहेर पडलं, आवाज न करता. मग एकेक. आम्ही मोजत होतो. भावाचे एकोणीस झाले, माझे सतरा. त्यावर थोडा वाद घातला आणि घरी आलो.